सोमवारची गोळी आणि इतर प्रश्न

संधिवाताच्या औषधांबद्दल गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले, नावं काढली, गावं ठेवली. उत्तरांत डोसचे आकडे आहेत ते हिशेब कळावा म्हणून. आपल्या कागदावरचा डोस त्यावरून कुणी परस्पर बदलू नये.

प्रश्न : आईला (वय ६४) आमवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती, तिने आठ दिवस रोज घेतली. तोंड सोलपटलं, पांढऱ्या पेशी खाली आल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे, पण ती गोळी घरातच नको म्हणते. दुसरं काही नाही का? (बार्शी)

उत्तर : दुसरी औषधं आहेत. पण आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड संधिवातात, जगभर पहिल्यांदा हेच दिलं जातं, तेव्हा सोडण्याआधी चूक कशी झाली ते बघू. मेथोट्रेक्सेट पेशींचं विभाजन रोखतं. आठवड्यातून एकदा घेतलं की मधल्या सहा दिवसांत अस्थिमज्जा आणि तोंडाचं, आतड्याचं अस्तर सावरतं. रोज घेतलं की त्यांना उसंतच मिळत नाही. म्हणून आधी तोंड येतं, मग पेशी उतरतात, मग ताप. औषध बाहेर पडतं मूत्रपिंडातून, त्यामुळे वय झालेल्या आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) वाढलेल्या माणसात थोडी चूकही महागात पडते. तोंड आलं की त्याच दिवशी गोळी थांबवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन करायचं. उतारा आहे तो फोलिनिक ॲसिडचा, म्हणजे ल्युकोव्होरिनचा, आणि तो दवाखान्यातच. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिलेल्या, घरातल्या फोलिक ॲसिडच्या गोळीने ते काम होत नाही, कारण फोलिक ॲसिड ज्या पायरीवरून पुढे जातं तीच पायरी मेथोट्रेक्सेटने अडवलेली असते.

या चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा चिठ्ठी. ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरत नाही, ‘दर सोमवारी’ असं वाराचं नाव लागतं. दुसरी जागा गोळीचा रंग : मेथोट्रेक्सेट आणि फोलिक ॲसिड दोन्ही पुष्कळदा लहान आणि पिवळट असतात, आणि सोमवारच्या गोळीच्या जागी फोलिक ॲसिडची, तिच्या जागी सोमवारची जाते. तिसरी जागा सगळ्यात फसवी. चिठ्ठीवर ‘६ गोळ्या’ लिहिलेलं असतं ते २.५ मिलिग्रॅमच्या गोळीसाठी. दुकानात ती संपलेली असते, दुकानदार १० मिलिग्रॅमची देतो, आणि घरी इमानेइतबारे सहा गोळ्या घेतल्या जातात. १५ चे ६० होतात. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या आणि एकूण मिलिग्रॅम, दोन्ही लिहून घ्या. घरात एकाच ताकदीची गोळी ठेवा आणि चार आठवड्यांपेक्षा जास्त साठा नको.

फोलिक ॲसिड किती, यावर घरोघरी वेगळी पद्धत दिसते. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात १०० आमवात-रुग्णांवर याची चाचणी झाली : आठवड्याला १० मिग्रॅ विरुद्ध ३० मिग्रॅ. २४ आठवड्यांत दुष्परिणामांत फरक दिसला नाही. म्हणजे ५ मिग्रॅच्या दोन गोळ्या आठवड्याला, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून, बहुतेकांना पुरतात. २०१५ साली छापलेलं हे काम आहे, आणि आपल्याकडच्या रुग्णांवर केलेलं आहे, म्हणून आम्हाला ते जास्त जवळचं वाटतं.

वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यापुढे गेलं तर ती खेप सोडायची आणि पुढच्या सोमवारी नेहमीइतकीच घ्यायची, दुप्पट नाही. रक्त तपासायला देताना गोळीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, एसजीपीटी (यकृताची तपासणी) उगाच वाढलेलं दिसतं. पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी जा. आणि लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमॉक्झाझोल दिलं तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे त्याच क्षणी सांगायचं. या दोघांच्या जोडीने पेशी घसरलेल्या पुष्कळ रुग्णांच्या नोंदी आहेत.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, वजन २७ किलो. त्याला मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, आणि त्याच्या आजीलाही १५ मिग्रॅ! हे बरोबर आहे का? शिवाय शनिवार उजाडला की औषध घ्यायच्या आधीच त्याला उलटी होते. (सातारा)

उत्तर : बरोबर असू शकतं. मुलांचा डोस वजनावर न काढता शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. तुमचा मुलगा १३० सेंटिमीटर उंच धरला तर उत्तर जवळपास १ चौरस मीटर येतं. १६० सेंटिमीटर, ५८ किलोच्या आजीचं येतं १.६. म्हणजे नातवाला चौरस मीटरमागे १५ मिग्रॅ आणि आजीला ९ च्या आसपास. मुलांचं शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून त्यांना मापाने जास्त लागतं आणि सोसतंही.

हे मापही प्रयोगातून आलेलं आहे. अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून संधिवात असलेल्या १२७ मुलांवर चाचणी केली, ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. चौरस मीटरमागे १० मिग्रॅ घेणाऱ्यांत ६३ टक्के मुलं सुधारली, ५ मिग्रॅ घेणाऱ्यांत ३२ टक्के, आणि औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत ३६ टक्के. मधला आकडा पुन्हा वाचा. अर्ध्या डोसने अर्धा गुण आला नाही, काहीच आला नाही. ‘लहान आहे, थोडंच देऊ’ म्हणून आईबाप गोळी मोडून देतात तेव्हा नेमकं हेच होतं : रक्त तपासण्यांचा त्रास पूर्ण, फायदा शून्य. वरची मर्यादाही तपासली गेली. नेहमीच्या डोसला दाद न देणाऱ्या मुलांना इंजेक्शनने चौरस मीटरमागे १५ आणि ३० मिग्रॅ देऊन पाहिलं (२००४). ३० ने जास्त काही मिळालं नाही.

उलटीचं म्हणाल तर ती आठवणीची उलटी आहे, आणि ती खरी असते, नाटक नव्हे. पिवळी गोळी दिसली, शनिवार आला, दवाखान्याचा वास आला की पोट ढवळतं. गोळी रात्री जेवणानंतर झोपताना द्या, शक्य असेल तर तिचा रंग दिसू देऊ नका. आदल्या रात्री किंवा तासभर आधी उलटीवरचं औषध देता येतं, डॉक्टरांना विचारा. ‘आज तुझी ती गोळी’ असं दिवसभर बोलू नका. एवढ्याने भागलं नाही तर त्वचेखालचं इंजेक्शन आहे, आणि ते घरी देता येतं.

पण इंजेक्शनमध्ये एक खड्डा आहे. २ मिलिलिटरमध्ये ५० मिग्रॅ अशी कुपी असेल तर १५ मिग्रॅ म्हणजे ०.६ मिलिलिटर. हे इन्शुलिनच्या सिरिंजने भरायला गेलात तर ४० युनिटच्या सिरिंजवर ०.६ मिलिलिटर येतं २४ च्या रेघेवर, आणि १०० युनिटच्या सिरिंजवर ६० च्या रेघेवर. सिरिंज बदलली आणि रेघ तीच ठेवली की डोस अडीच पट वाढतो किंवा तितकाच घटतो. मिलिलिटरच्या रेघा असलेली १ मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या आणि तीच कायम वापरा. कुपी बदलली की एका मिलिलिटरला किती मिग्रॅ ते आधी वाचा. सांडलं तर हातमोजे घालून पुसा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्याला हात लावू नये.

प्रश्न : मुलीला (वय ११) अनेक सांध्यांचा संधिवात आहे. एका मोठ्या रुग्णालयात तिला नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. पहिले काही महिने सगळ्यांना औषध, मग अर्ध्या मुलांना खोटं औषध, असं काहीतरी आहे. लेकरू बरं झाल्यावर औषध काढून घ्यायचं हा कुठला न्याय? (नांदेड)

उत्तर : राग येणं साहजिक आहे. आता ही रचना कशासाठी आहे ते बघा आणि मग ठरवा.

आजारी मुलांना सुरुवातीपासून चार-सहा महिने खोट्या औषधावर ठेवणं कुणालाच पटत नाही. म्हणून मुलांच्या संधिवातात उलटा मार्ग निघाला. आधी सगळ्यांना खरं औषध. ज्यांना गुण आला तेवढ्यांचे चिठ्ठी टाकून दोन गट, एकाला औषध चालू, दुसऱ्याला बंद. ज्याचा आजार उसळेल त्याला लगेच खरं औषध परत. एटानरसेप्ट या इंजेक्शनची २००० साली प्रसिद्ध झालेली चाचणी याचा नमुना आहे. ४ ते १७ वयाची ६९ मुलं, मेथोट्रेक्सेटने न भागलेली. तीन महिन्यांत ५१ जणांना गुण आला. त्यांतल्या २५ जणांचं औषध चालू राहिलं, २६ जणांचं बंद झालं. चालू असलेल्यांत ७ जणांचा आजार उसळला, बंद केलेल्यांत २१ जणांचा, आणि बंद केलेल्यांचा निम्म्याअधिक वेळा २८ दिवसांच्या आतच. औषध काम करतं हे सिद्ध करायला तेवढी मुलं आणि तेवढे आठवडे पुरले.

या रचनेची उणीवही सांगितली पाहिजे, कारण माहितीपत्रकात ती ठळक नसते. गुण न आलेली मुलं दुसऱ्या टप्प्याआधीच बाहेर पडलेली असतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातले आकडे ‘ज्यांना लागू पडलं त्यांनी चालू ठेवलं तर काय’ एवढंच सांगतात. तुमच्या मुलीला ते लागू पडेल का, याचं उत्तर पहिल्या टप्प्यात असतं. शिवाय ‘गुण आला’ म्हणजे काय तेही विचारा. मुलांसाठी १९९७ मध्ये ठरलेलं माप असं : डॉक्टरांचं मत, पालकांचं मत, रोजच्या कामांची प्रश्नावली, सुजलेले सांधे, हालचाल कमी झालेले सांधे आणि ईएसआर (रक्तातून दिसणारं सुजेचं माप) अशा सहा गोष्टींपैकी किमान तिनांत ३० टक्के सुधारणा, आणि एकापेक्षा जास्त गोष्टीत ३० टक्क्यांहून अधिक बिघाड नको. दहा सुजलेल्या सांध्यांचे सात झाले तरी त्या रकान्यात टिकमार्क पडते. घरच्या भाषेत याला बरं होणं म्हणत नाहीत. आता बऱ्याच चाचण्यांत ७० आणि ९० टक्क्यांचे आकडे आणि ‘आजार निष्क्रिय’ असाही निकष देतात, तोच बघावा.

सही करण्याआधी संमतीपत्र घरी आणा. आणू देत नसतील तर तिथेच थांबा. त्यावर सीटीआरआय क्रमांक असतो, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा. २००९ पासून औषध-चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. तिथे मुलांची वयं, खोट्या औषधाचे आठवडे, तुलना कशाशी, हे सगळं असतं. मग या गोष्टी शोधा : आजार उसळला हे कोण आणि किती दिवसांत ठरवणार, चालू असलेलं मेथोट्रेक्सेट तसंच राहणार का, रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, प्रवासखर्च मिळणार का, आणि चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळणार का. शेवटच्या प्रश्नावर पालक फार फसतात. गुण आलेलं महागडं औषध चाचणीनंतर स्वतःच्या खिशातून सुरू ठेवणं झेपत नाही, म्हणून उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करणं प्रायोजकावर बंधनकारक आहे, आणि गंभीर घटना घडली तर चाचणीच्या डॉक्टरांनी ती २४ तासांत वर कळवायची असते. सही तुमची असली तरी मुलीचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांत तोंडी, त्यापुढे लेखी. ती ११ वर्षांची आहे. तिला तिच्या भाषेत सांगून विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते ‘नाही’ धरा. कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

प्रश्न : मुलगा दीड वर्ष पूर्ण ठीक आहे. आता मेथोट्रेक्सेट बंद करू का? आणखी सहा महिने थांबलो तर आजार परत येण्याची भीती कमी होईल का? (रत्नागिरी)

उत्तर : हाच प्रश्न २९ देशांतल्या ३६४ मुलांवर विचारून झाला आहे. आजार शांत झाल्यावर एका गटाने सहा महिन्यांनी औषध थांबवलं, दुसऱ्याने बारा महिन्यांनी. दोन वर्षांत आजार परत आला पहिल्या गटात ५६.७ टक्के मुलांचा, दुसऱ्यात ५५.६ टक्के. थोडक्यात, जास्त थांबून फार काही हाती लागलं नाही, आणि निम्म्याहून जास्त मुलांचा आजार दोन्हीकडे परतला. तुम्ही दीड वर्ष थांबलाच आहात. आणखी सहा महिन्यांवर फार आशा ठेवू नका.

थांबवताना शाळेची परीक्षा, घर बदलणं, लग्नसराई असला काळ टाळा. पहिले सहा महिने सकाळवर लक्ष ठेवा. मूल उठल्यावर अर्धा तास लंगडतं आणि दुपारी मैदानात धावतं, हे आजाराचं लक्षण. दुपारी खेळून आल्यावर दुखतं ते बहुतेक खेळाचं. डोळ्यांची तपासणी औषध बंद झाल्यावर जास्त गरजेची, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

मोठ्यांचं गणित वेगळं आहे. नॉर्वेत आजार शांत असलेल्या आमवात-रुग्णांत अर्ध्यांचा डोस तसाच ठेवला, अर्ध्यांचा निम्मा केला. वर्षभरात निम्मा केलेल्यांपैकी २५ टक्क्यांचा आजार उसळला, तसाच ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांचा. आमवातात ‘आता बरं वाटतंय’ हे औषध कमी करायला पुरेसं कारण नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीचा एकच गुडघा सुजलाय. दर तीन महिन्यांनी डोळ्याच्या डॉक्टरकडे कशाला पाठवतात? डोळे लाल नाहीत, दुखत नाहीत, चांगलं दिसतं. (कराड)

उत्तर : म्हणूनच पाठवतात. या वयातल्या, थोडे सांधे सुजलेल्या आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असलेल्या मुलींत डोळ्याच्या आत, बुबुळाच्या भागात, चुपचाप सूज येते. लाली नाही, वेदना नाही. टॉर्चच्या उजेडात काही दिसत नाही. स्लिट लॅम्प या यंत्रावर हनुवटी टेकवूनच आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात. बाहुलीचा गोल वाकडातिकडा झाल्याचं आईच्या लक्षात येतं तोवर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलेलं असतं, पुढे मोतीबिंदू आणि काचबिंदू. गुडघा बरा झाला म्हणून डोळा बरा असं नसतं.

थेंबांनी आणि मेथोट्रेक्सेटने भागलं नाही तर पुढचं इंजेक्शन अ‍ॅडालिमुमॅब. ब्रिटनमधल्या चाचणीत (२०१७) मेथोट्रेक्सेटवर असलेल्या ९० मुलांपैकी ६० जणांना ते जोडलं, ३० जणांना खोटं इंजेक्शन. उपचार फसले १६ जणांत, म्हणजे २७ टक्के. खोट्या इंजेक्शनच्या गटात १८, म्हणजे ६० टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. तपासणीची तारीख चुकवू नका.

प्रश्न : ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सहा वर्षं चालू आहे, वजन ४८ किलो. डोळे जातात म्हणून नणंदेने बंद करायला सांगितलं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. सोबत स्टेरॉईड ५ मिग्रॅ आहे, तेही नको वाटतं. (पनवेल)

उत्तर : ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत त्यात या गोळीचा वाटा आहे. कॅनडात शांत ल्युपस असलेल्या ४७ जणांवर १९९१ मध्ये पाहिलं : २५ जणांचं औषध चालू ठेवलं, २२ जणांना नकळत खोटी गोळी दिली. सहा महिन्यांत चालू असलेल्यांत ९ जणांचा आजार उसळला, बंद झालेल्यांत १६ जणांचा. गरोदरपणातही ही गोळी चालू ठेवतात, बंद केल्याने जास्त नुकसान होतं.

डोळ्यांची भीती निराधार नाही, पण ती डोस आणि वर्षांशी बांधलेली आहे. रोज किलोमागे ५ मिग्रॅपर्यंत राहिलं तर पहिल्या दहा वर्षांत पडद्याला इजा होण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असतं. वीस वर्षांनंतर ते बरंच वाढतं. ४८ किलोला रोजचे २४० मिग्रॅ, आठवड्याला १६८०. गोळी २०० ची, मोडत बसायचं काम नाही : रोज एक आणि आठवड्यातून एका दिवशी दोन, म्हणजे १६००. तुम्ही रोज ४०० घेत असाल तर मात्र ते जास्त आहे, येत्या भेटीत दाखवा. पहिल्या वर्षात एक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. तुमची सहा झाली. ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्र (नजरेचा आवाका) अशा दोन चाचण्या सांगा. आपल्यासारख्या आशियाई रुग्णांत इजा मध्यापासून जरा बाहेर सुरू होताना दिसते, म्हणून मधल्या १० अंशांपुरतं दृष्टिक्षेत्र तपासून भागत नाही, रुंद चाचणी लागते. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी यात धरू नका. मूत्रपिंड कमी चालत असेल तर पाच वर्षं थांबायचंही नाही.

स्टेरॉईडचं उत्तर एवढं सरळ नाही. पॅरिसमध्ये रोज ५ मिग्रॅवर शांत असलेल्या १२४ जणांपैकी अर्ध्यांचं बंद केलं. वर्षात उसळी आली २७ टक्क्यांना. चालू ठेवलेल्यांत ७ टक्क्यांना. कुणी यातून ‘बंद करू नका’ असं वाचतो, कुणी ‘चौघांपैकी तिघांचं बंद होऊ शकलं’ असं. पूर्वी मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर आम्ही पहिल्या बाजूला झुकू. बंद करायचंच ठरलं तर हळूहळू. वर्षानुवर्षं बाहेरून मिळाल्याने शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं, आणि एकदम थांबवलं की चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली.

प्रश्न : वडील ६२, आमवात, बिडी सुटत नाही, मधुमेह आहे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण नाही. टोफासिटिनिबच्या गोळ्या आता स्वस्तात मिळतात, शेजाऱ्यांना छान लागू पडल्या. सुरू कराव्यात का? (जळगाव)

उत्तर : शेजाऱ्यांचं वय आणि बिडी विचारली का? ही गोळी काम करते यात शंका नाही. पण ५० च्या पुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४३६२ रुग्णांवर, निम्म्यांना सुमारे चार वर्षं किंवा जास्त नजरेखाली ठेवून, तिची एटानरसेप्टसारख्या जुन्या बायोलॉजिक इंजेक्शनांशी तुलना झाली. हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना गोळीच्या गटात ३.४ टक्के, इंजेक्शनच्या गटात २.५. कर्करोग ४.२ विरुद्ध २.९. तुमचे वडील या चाचणीच्या वर्णनात अगदी नेमके बसतात. त्यांच्यासाठी ही पहिली निवड नव्हे.

स्वस्त आणि तपासलेला दुसरा रस्ता आहे, आणि जाहिरात कुणी करत नाही म्हणून तो मागे पडतो. मेथोट्रेक्सेटला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची जोड द्यायची. मेथोट्रेक्सेटने न भागलेल्या ३५३ जणांना ही तिहेरी औषधं किंवा एटानरसेप्टचं इंजेक्शन देऊन २०१३ मध्ये तुलना झाली. २४ आठवड्यांनी ज्यांना गुण नव्हता त्यांना दुसऱ्या बाजूला हलवलं. दोन्हीकडून हलवावे लागलेले २७ टक्केच होते, आणि ४८ आठवड्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारखे. किमतीतला फरक वेगळा सांगायला नको.

सल्फासालाझिन लोक सोडतात ते पहिल्या पंधरवड्यात, कारण एकदम पूर्ण डोस घेतात आणि मळमळ सुरू होते. ५०० मिग्रॅने सुरू करून दर आठवड्याला ५०० वाढवत दिवसाला २ ग्रॅमपर्यंत न्यायचं. लघवी केशरी होते, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर घ्यायचंच नाही. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवा. पुढे टोफासिटिनिब किंवा इंजेक्शनची वेळ आलीच तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची मँटू किंवा रक्तातली इग्रा चाचणी. दडलेला क्षय या औषधांनी जागा होतो, आणि आपल्या देशात ही तपासणी टाळणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. आणि बिडी आधी.

प्रश्न : आयुर्वेदिक औषधांवर असं शास्त्रीय काम का होत नाही? मी मेथोट्रेक्सेटबरोबर गुळवेलीचा काढा घेतो, चालेल ना? (कोल्हापूर)

उत्तर : झालं आहे. कोइम्बतूरला अमेरिकी संधिवाततज्ज्ञ आणि तिथले वैद्य यांनी मिळून ४३ आमवात-रुग्णांवर चाचणी केली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. अडचण मोठी होती : वैद्य प्रत्येकाला प्रकृतीप्रमाणे वेगळं औषध देणार, मग कुणाला काय मिळतंय हे लपवायचं कसं? त्यांनी वैद्याला त्याच्या पद्धतीने औषध निवडू दिलं आणि दोन्ही औषधांच्या खोट्या प्रती बनवल्या. प्रत्येक रुग्ण गोळी आणि आयुर्वेदिक औषध दोन्ही घेत होता, खरं कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. तिन्ही गट (फक्त मेथोट्रेक्सेट, फक्त आयुर्वेद, आणि दोन्ही) साधारण सारखे सुधारले. पण ४३ जणांच्या तीन वाट्यांत ‘सारखे’ याला फार वजन नसतं, लहान फरक तिथे दिसूच शकत नाही. खुद्द संशोधकांनी तिला प्राथमिक चाचणी म्हटलं. एवढ्या मेहनतीने दार उघडलं, पण आत मोठी चाचणी घेऊन जायला पुढे दहा वर्षांहून जास्त गेली, ही खंत आहे.

काढा मात्र थांबवा, निदान तुमच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरीस आलेल्या, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला, दुसऱ्याच वनस्पतीची भेसळ असू शकते असं म्हटलं. वाद कुणाच्या बाजूने सुटो, तुमचा प्रश्न साधा आहे : एसजीपीटी वाढलं तर ते मेथोट्रेक्सेटने की काढ्याने, हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि बंद होईल ते मेथोट्रेक्सेट. नाव-लेबल नसलेल्या, दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. असल्या पुड्यांत स्टेरॉईड निघाल्याचं अनेकदा उघडकीला आलं आहे.

प्रश्न : मुंबईत कर्करोगासाठी जी सीएआर-टी पेशींची उपचारपद्धती निघाली, तीच ल्युपस कायमचा बरा करते असं वाचलं. माझ्या बहिणीसाठी कुठे पैसे भरायचे? (दुबई)

उत्तर : सध्या कुठेच नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली ती काही रक्तकर्करोगांसाठी. ल्युपसमधली बातमी जर्मनीतल्या एर्लांगेनची आहे. तिथे १५ रुग्ण होते : ल्युपसचे ८, स्नायूंच्या दाहाचे ३, स्क्लेरोडर्माचे (त्वचा कडक होण्याचा आजार) ४. रुग्णाच्याच टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काढून त्यांना आजार पेटवणाऱ्या बी पेशी ओळखून मारायला शिकवतात, केमोथेरपीची दोन औषधं देऊन जागा करतात आणि त्या पेशी एकदाच शिरेतून परत सोडतात. ल्युपसचे आठही जण औषधांविना शांत राहिले. हे खरोखर मोठं आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि २०२४ मध्ये निकाल छापला तेव्हा निम्म्या रुग्णांचा पाठपुरावा १५ महिन्यांहून कमी होता. ‘कायमचा’ हा शब्द वर्तमानपत्राने घातलेला आहे.

बहिणीचा ल्युपस नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तर तिच्या डॉक्टरांना नोंदणीकृत चाचणी शोधायला सांगा. भारतातल्या चाचणीत तपासलं जाणारं औषध रुग्णाला विकत घ्यायचं नसतं. कुणी आगाऊ रक्कम मागितली तर आधी सीटीआरआय क्रमांक मागा.